लिहिणाऱ्याला सोपा वाटेल असा सीएमएस कसा घडवावा

मॉनिटरच्या कडेला चिकटवलेल्या चिठ्ठ्या वाचल्या की सीएमएसची निम्मी परीक्षा होऊन जाते. सीएमएस म्हणजे साइटवरचा मजकूर लिहायचं, साठवायचं आणि प्रसिद्ध करायचं सॉफ्टवेअर. एका कामाच्या निमित्ताने मी संपादकांच्या शेजारी बसलो होतो, तेव्हा एकाच टेबलावर अशा तीन चिठ्ठ्या दिसल्या. पहिलीवर लिहिलं होतं, ‘आधी खालचं सेव्ह, मग वरचं’. दुसरीवर, ‘भाषा निवडायला विसरू नये’. तिसरीवर नुसता एक आकडा होता, प्रत्येक फोटोला हाताने द्यायची रुंदी. तिन्ही गोष्टी लक्षात ठेवणं हे सॉफ्टवेअरचं काम होतं आणि ते एक माणूस रोज करत होता.

असं का होतं, त्याचं कारण साधं आहे. बहुतेक सीएमएसचे फॉर्म डेटाबेसकडे बघून बनतात. टेबलात जेवढे रकाने, तेवढी खोकी स्क्रीनवर. लिहिणाऱ्याच्या डोक्यात मात्र रकाने नसतात. त्याच्या डोक्यात एक लेख असतो, एक वेळ असते आणि ‘हे चुकून अर्धवट तर जाणार नाही ना’ ही धास्ती असते. इंटरफेस सोपा करायचा म्हणजे स्क्रीनची मांडणी साठवणुकीच्या क्रमातून काढून लिहिण्याच्या क्रमात आणायची. पुढची सगळी पावलं याच एका कामाची आहेत.

लॅरी टेस्लर हे झेरॉक्स कंपनीच्या पार्क या संशोधन केंद्रात कट-कॉपी-पेस्ट घडवणाऱ्यांपैकी एक. त्यांचं म्हणणं असं की प्रत्येक कामात गुंतागुंतीचा एक किमान वाटा असतोच, तो नाहीसा होत नाही. तो वापरणाऱ्याने उचलायचा की बनवणाऱ्याने, एवढंच ठरवता येतं. सीएमएसला हे तंतोतंत लागू पडतं. तुम्ही एक दिवस जास्त खपलात, तर शंभर लेखकांचा रोजचा एकेक मिनिट वाचतो. म्हणून नुसती बटणं लपवून समाधान मानू नका.

आधी शेजारी बसा

कामाची सुरुवात डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये करू नका. तीन-चार लेखक आणि एक-दोन संपादक निवडा आणि प्रत्येकाच्या शेजारी एकेक तास बसा. त्यांना खरं, त्या दिवसाचं काम करू द्या. ‘तुम्हाला काय हवं?’ असं विचारू नका, कारण उत्तरात नवीन फीचरची यादी मिळेल. त्याऐवजी बघा आणि टिपा. हात कुठे थांबतो? कुठे दोनदा क्लिक होतं? लेख आधी वर्डमध्ये लिहून मग पेस्ट होतो का? होत असेल तर त्याचं कारण शोधाच. बहुतेकदा एखाद्या दिवशी लॉगिनची मुदत संपून तासाभराचं लिखाण उडालेलं असतं आणि त्या दिवसापासून माणसाने सीएमएसवर विश्वास ठेवणं सोडलेलं असतं. अशा माणसाला सुंदर रंगसंगतीचा काही उपयोग नाही. त्याला आधी भरवसा हवा.

चिठ्ठ्या, वहीतल्या नोंदी, नव्या माणसाला दिलं जाणारं ‘कसं करायचं’ हे पान, हे सगळं गोळा करा. त्यातली प्रत्येक ओळ म्हणजे इंटरफेसने न केलेलं एक काम.

प्रत्येक रकान्याला चार प्रश्न

आता एक तक्ता करा आणि लेख संपादनाच्या स्क्रीनवरचं प्रत्येक फील्ड त्यात एकेका ओळीत लिहा. मथळा, मजकूर, सारांश, स्लग (पानाच्या वेब-पत्त्यातला शेवटचा तुकडा), लेखक, वर्ग, टॅग, मुख्य चित्र, शोधयंत्रासाठीचं वर्णन, टेम्प्लेट, प्रतिक्रिया चालू-बंद, पानाचा क्रम, सगळं. एखाद्या जुन्या साइटवर ही यादी चाळीसच्या पुढे सहज जाते. मग प्रत्येकापुढे चार प्रश्नांची उत्तरं लिहा.

हे कोण ठरवतं? लेखक, संपादक, की साइट सांभाळणारा?

कधी ठरवतं? लिहिताना, प्रसिद्ध करण्याच्या क्षणी, की वर्षातून एकदा?

रिकामं राहिलं तर काय बिघडतं?

यंत्राला हे स्वतःहून ठरवता येईल का?

चौथ्या प्रश्नावर सर्वांत जास्त वेळ घालवा, कारण खरा भार तिथेच हलका होतो. स्लग मथळ्यावरून बनवता येतो. लेखकाचं नाव लॉगिनवरून कळतं. चित्राची रुंदी आणि वेगवेगळे आकार सर्व्हरने कापायचे असतात. सारांश दिला नसेल तर मजकुराच्या सुरुवातीवरून काढता येतो. वर्डप्रेस हा सर्वत्र वापरला जाणारा सीएमएस मुळात पहिले ५५ शब्द घेतो. भाषा ही लेखकाच्या प्रोफाइलवरून किंवा त्याच्या मागच्या लेखावरून धरता येते. डिफॉल्ट बदलता आला पाहिजे, पण शंभरातल्या नव्वद वेळा तो बदलावा लागू नये, ही कसोटी.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘काहीच बिघडत नाही’ असं आलं आणि गेल्या वर्षभराच्या लेखांत ते फील्ड कोणी भरलेलंही दिसलं नाही, तर ते काढून टाका. डेटाबेसमध्ये विचारून बघा, अंदाजावर जाऊ नका. जुना डेटा राहू द्या, फक्त फॉर्ममधून खोकं जाऊ द्या. ‘कधीतरी लागेल’ हा युक्तिवाद प्रत्येक बैठकीत होतो. त्यावर उत्तर असं की लागेल तेव्हा एका दिवसात परत आणता येईल.

भूमिका: कोणाला काय दिसावं

वर्डप्रेसमध्ये साध्या साइटला पाच भूमिका मिळतात: प्रशासक, संपादक, लेखक, योगदानकर्ता आणि सदस्य. बऱ्याच ठिकाणी ‘कटकट नको’ म्हणून सगळ्यांनाच प्रशासक करून ठेवलेलं असतं. मग लेख लिहायला आलेल्या माणसाला प्लगिन (वरून जोडायची छोटी सॉफ्टवेअर), थीम (साइटचं रूप ठरवणारा साचा), अपडेटच्या सूचना आणि सेटिंग्जची अनेक पानं दिसतात. इंटरफेस सोपा करण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे योग्य भूमिका देणं. त्यासाठी कोडची एक ओळही लागत नाही.

एक खाचखळगा मात्र ओळखून असा. योगदानकर्त्याला लेख लिहून तपासणीसाठी पाठवता येतो, पण फाइल चढवता येत नाही. लेखकाला फाइल चढवता येते, पण तो स्वतःच लेख प्रसिद्धही करू शकतो. प्रत्यक्षात बहुतेक संपादकीय गटांना मधलीच पायरी हवी असते: लिहा, फोटो टाका, प्रसिद्ध संपादक करतील. तेव्हा योगदानकर्त्याच्या भूमिकेवरून एक नवी भूमिका बनवा आणि तिला फाइल चढवण्याची परवानगी जोडा.

आणखी एक गोष्ट ठासून सांगतो, कारण यात सुरक्षेचा प्रश्न आहे. मेन्यूतून एखादी ओळ काढणं म्हणजे परवानगी काढणं नव्हे. ज्याला पानाचा पत्ता माहीत आहे, तो थेट पत्ता टाकून आत जाऊ शकतो. परवानगी आधी काढा. परवानगी गेली की मेन्यू बहुधा आपोआप आवरतो. जे उरेल तेवढंच लपवा.

‘ज्याला जे जास्त लागतं ते वर, बाकीचं आपोआप मागे’ अशी हुशारी करण्याचा मोह होतो. मायक्रोसॉफ्टने ऑफिस २००० मध्ये मेन्यूंवर हाच प्रयोग केला होता. न वापरलेल्या ओळी मेन्यू स्वतःच दडवत असे. लोक गोंधळले, कारण कालची ओळ आज जागेवर नसे. २००७ च्या आवृत्तीत कंपनीने मांडणीच बदलली. जागा पक्की असणं हा सोपेपणाचा मोठा भाग आहे. भूमिकेनुसार मेन्यू वेगळा असू द्या, पण एकाच माणसासाठी तो दिवसागणिक बदलू देऊ नका.

संपादनाची स्क्रीन

लेखक दिवसातला सर्वांत जास्त वेळ इथे घालवतो. म्हणून इथे घाई करू नका.

मधल्या रुंद जागेत मथळा आणि मजकूर, एवढंच. मजकुराची ओळ, अक्षराचा आकार आणि मथळ्यांची उंची शक्यतो साइटवर दिसेल तशीच ठेवा. बाजूच्या पट्टीत बाकीची फील्ड, पण तक्त्यातल्या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरानुसार गट पाडून. लिहिताना लागणारी वर, प्रसिद्ध करताना लागणारी त्याखाली, क्वचित लागणारी दुमडलेल्या गटात. गटांची नावं लेखकाच्या भाषेत द्या. ‘मेटाडेटा’ या शब्दाने कुणालाही काही उलगडत नाही. ‘शोधात कसं दिसेल’ याने उलगडतं.

दुमडलेल्या गटाचा एक धोका असतो: आत काय आहे ते विसरलं जातं. त्यावर एक उपाय मला फार उपयोगी पडलेला आहे. गट बंद असतानाच त्याच्या नावाखाली सद्यस्थिती एका ओळीत लिहा. ‘शोधात कसं दिसेल: मथळ्यावरून आपोआप घेतलं आहे’. ‘वर्ग: आरोग्य, आहार’. ‘मुख्य चित्र: अजून दिलेलं नाही’. लेखकाला उघडून बघावं लागत नाही, आणि जिथे खरंच हात घालायचा आहे तिथेच त्याचा हात जातो.

मुख्य बटण एकच ठेवा आणि दाबल्यावर जे होईल तेच त्यावर लिहा. ज्याला प्रसिद्ध करण्याचा अधिकार नाही, त्याला ‘तपासणीसाठी पाठवा’. भविष्यातली तारीख निवडली की तेच बटण ‘वेळ ठरवा’. प्रसिद्ध झालेल्या लेखात बदल केला की ‘बदल साइटवर टाका’. नुसतं ‘सबमिट’ किंवा ‘ओके’ कुठेही नको. बटणाशेजारी स्थिती पूर्ण वाक्यात दाखवा: ‘हा मसुदा आहे. फक्त तुम्हाला आणि संपादकांना दिसतो.’ ‘उद्या, मंगळवारी सकाळी ९ वाजता प्रसिद्ध होईल.’ वार लिहिल्याने तारखेच्या चुका लगेच नजरेत येतात.

मसुदा सेव्ह करणं हे माणसाचं काम ठेवूच नका. वर्डप्रेसचा एडिटर मुळात दर ६० सेकंदांनी आपोआप जतन करतो. तुमचा सीएमएस स्वतः बनवलेला असेल तर यापेक्षा कमी अंतर ठेवा, आणि इंटरनेट गेलं तरी मजकूर ब्राउझरमध्ये साठत राहील अशी सोय करा. ‘१२ सेकंदांपूर्वी जतन झालं’ ही बारीक ओळ सतत दिसत राहू द्या. लॉगिनची मुदत संपली तर लेखाचं पान हलवू नका. त्याच पानावर छोटी चौकट उघडून पुन्हा लॉगिन करू द्या. वर्डमध्ये आधी लिहून ठेवणारा लेखक या दोन सोयींमुळे परत येतो.

आवश्यक फील्डबद्दल एकच नियम: मसुद्याला काहीही आवश्यक नसतं. मथळा सुचला नाही म्हणून लिहिलेलं जतन होत नाही, यासारखा अन्याय नाही. तपासणी प्रसिद्ध करताना करा, सगळ्या उणिवा एकाच वेळी दाखवा आणि प्रत्येकीवर क्लिक केलं की थेट त्या फील्डपाशी न्या.

मजकुराच्या पेटीत किती मोकळीक द्यावी

पूर्ण मोकळीक दिली की साइटवर चार रंगांची अक्षरं आणि सहा आकारांचे मथळे दिसू लागतात. सगळं रकान्यांत कोंडलं की लेखकाचा श्वास कोंडतो. माझा कल असा: लेखाच्या मजकुरात अर्थाची साधनं द्या आणि सजावटीची काढून घ्या. दोन पातळ्यांचे उपमथळे, यादी, अवतरण, दुवा, चित्र, तक्ता, ठळक आणि तिरपं. रंग, फॉन्ट, अक्षराचा आकार, डावी-उजवी सरकवणी यांची जागा थीममध्ये आहे. याउलट कार्यक्रम, माणसाची ओळख, पाककृती असे ठरीव साच्याचे मजकूर असतील तर तारीख, ठिकाण, साहित्य यांना वेगळी फील्ड द्याच. ती शोधायला, क्रम लावायला आणि दुसरीकडे दाखवायला लागतात.

वर्डमधून पेस्ट केल्यावर मथळे, याद्या आणि दुवे टिकवून बाकी सगळी सजावट गाळली गेली पाहिजे. याची चाचणी खऱ्या, वेड्यावाकड्या फायली घेऊन करा.

वर्डप्रेसमध्ये कोणत्या भूमिकेला कोणते ब्लॉक (परिच्छेद, चित्र, यादी असे मजकुराचे तुकडे) मिळावेत हे कोडमधून ठरवता येतं, आणि रंग-आकारांचे पर्याय थीमच्या सेटिंग्जच्या जेसन फाइलमधून बंद करता येतात. विशिष्ट प्रकारच्या पानाला आधीच मांडलेला साचा देऊन त्याची रचना कुलूपबंदही करता येते. ड्रुपल या दुसऱ्या सीएमएसमध्ये प्रत्येक मजकूर-प्रकारासाठी फॉर्मची मांडणी प्रशासनाच्या पानावरूनच ठरते. फील्डचा क्रम लावणं, ती लपवणं, त्यांचा प्रकार बदलणं याला कोड लागत नाही. तयार सोय असेल तिथे स्वतः काही बनवू नका. दर अपडेटला ते तुम्हालाच दुरुस्त करत बसावं लागेल.

यादी आणि पहिलं पान

संपादनाच्या स्क्रीनवर एवढी मेहनत होते आणि लेखांची यादी तशीच राहते. खरं तर दिवसाची सुरुवात तिथूनच होते. लॉगिननंतर आकडेवारीचे चौकोन दाखवण्याऐवजी ‘नवा लेख’ हे बटण, माझे अपुरे मसुदे आणि संपादक असल्यास माझ्या तपासणीची वाट बघणारे लेख दाखवा. यादीत मथळा, स्थिती, शेवटचा हात कोणाचा लागला आणि कधी, एवढे रकाने पुरतात. दुसरं कोणी तोच लेख उघडून बसलं असेल तर तेही तिथेच दिसावं.

मुख्य मेन्यू डाव्या बाजूला उभा ठेवा. २००८ साली वर्डप्रेसने हा धडा एका वर्षात दोनदा नवी मांडणी करून घेतला. मार्चमधल्या २.५ आवृत्तीत मेन्यू वर आडवा होता. लोकांकडून चाचण्या करून घेतल्यावर डिसेंबरच्या २.७ मध्ये तो डावीकडे उभा आला आणि आजही तिथेच आहे. आडव्या पट्टीत सात-आठ नावांनंतर जागा संपते, उभ्या पट्टीत वाढायला वाव असतो.

चूक झाली तर परत फिरता यावं

‘तुम्हाला नक्की हटवायचं आहे का?’ या प्रश्नावर आठवड्याभरात बोटं न वाचताच ‘हो’ दाबू लागतात. त्यापेक्षा लेख कचरापेटीत टाका आणि ‘पूर्ववत करा’ हा दुवा लगेच दाखवा. वर्डप्रेसमध्ये २००९ पासून कचरापेटी आहे आणि तिथे वस्तू मुळात ३० दिवस राहते. जिथे खरोखरच परत फिरता येत नाही, तिथेच विचारा, आणि विचारताना परिणाम सांगा: ‘या वर्गातले ४२ लेख वर्गाविना राहतील.’

जुन्या आवृत्त्या जपा आणि दोन आवृत्त्यांतला फरक वाचता येईल असा दाखवा. प्रसिद्ध लेखाचा स्लग बदलायला गेल्यास थांबवा, आणि बदललाच तर जुन्या पत्त्यावरून नव्याकडे आपोआप वळवा.

सर्वांना वापरता यावा

वेबची मानकं ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने सप्टेंबर २०१५ मध्ये मजकूर बनवण्याच्या साधनांसाठी अटॅग २.० ही स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली. त्यांचे दोन भाग आहेत: साधन स्वतः अपंग व्यक्तींना वापरता यावं, आणि त्यातून बाहेर पडणारा मजकूरही सर्वांना वापरता यावा. दुसरा भाग सहसा विसरला जातो. पहिल्याचं म्हणाल, तर आपल्या साइटचा लेखक अंध असू शकतो, हे आपल्या डोक्यातही येत नाही. माऊस बाजूला ठेवा आणि फक्त कीबोर्डवर एक लेख लिहून प्रसिद्ध करून बघा. बऱ्याच सीएमएसमध्ये तुम्ही तारीख निवडायच्या चौकटीत अडकाल. मजकुराचा रंग पार्श्वभूमीशी किमान ४.५ ला १ इतका उठून दिसावा. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या डब्ल्यूकॅग २.२ या वेब सर्वांना वापरता यावं यासाठीच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार क्लिक करण्याच्या जागा काही अपवाद सोडता किमान २४ बाय २४ पिक्सेल असाव्यात. सीएमएसमधली बारीक आयकॉनं नेमकी इथेच नापास होतात.

चित्राचं वर्णन हे फील्ड सरसकट सक्तीचं करू नका. सक्ती केली की लोक ‘फोटो’ एवढंच लिहून पुढे जातात, आणि स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्याला ते ऐकावं लागतं. चित्र निवडताच त्याच्याखाली विचारा: ‘हे चित्र न दिसणाऱ्याला काय सांगाल?’ आणि शेजारी ‘केवळ सजावटीसाठी’ असा चेकबॉक्स द्या. दोन्हींपैकी एक झालं की पुढे जाऊ द्या.

पाच माणसांसमोर ठेवा

कागदावर किंवा क्लिक करता येईल अशा कच्च्या नमुन्यावर चाचणी घ्या, कोड नंतर. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००० साली सांगितलेला हिशेब इथे कामाचा आहे: पाच जणांबरोबरच्या एका फेरीत वापरातल्या बहुतेक मोठ्या अडचणी वर येतात, म्हणून एका मोठ्या फेरीपेक्षा छोट्या छोट्या अनेक फेऱ्या घ्या. लेखक आणि संपादक यांची कामं वेगळी असल्यामुळे त्यांच्या फेऱ्याही वेगळ्या धरा.

कामं ठोस द्या. ‘हा मजकूर आणि हे चित्र घेऊन उद्या सकाळी ९ वाजता प्रसिद्ध होईल असं करा.’ ‘काल प्रसिद्ध झालेल्या लेखातलं हे नाव दुरुस्त करा.’ ‘चुकून हटवलेला लेख परत आणा.’ मग गप्प बसा. मदत करायला जीभ शिवशिवते, पण ती दाबा. तुमच्या तोंडातून बाहेर पडणारं प्रत्येक स्पष्टीकरण स्क्रीनवर नसलेलं एक वाक्य आहे, ते लिहून घ्या. किती वेळ लागला, कुठे मागे फिरावं लागलं आणि ‘आता हे प्रसिद्ध झालं का?’ असा प्रश्न कितीदा आला, एवढं मोजलंत तरी आधीच्या आणि नंतरच्या स्क्रीनची तुलना होते.

बदल हळूहळू उतरवा

ज्यांचे हात जुन्या स्क्रीनवर बसले आहेत, त्यांना चांगला बदलही आधी संथच करतो. डिसेंबर २०१८ मध्ये वर्डप्रेस ५.० सोबत ब्लॉक एडिटर आला, तेव्हा जुना एडिटर परत आणणारं क्लासिक एडिटर प्लगिन ५० लाखांहून अधिक साइटवर बसवलं गेलं. जुनी वाट चालू राहिली म्हणूनच लोकांना आपल्या गतीने पलीकडे जाता आलं.

तेव्हा काही आठवडे दोन्ही स्क्रीन चालू ठेवा, प्रत्येकाला स्वतः बदलता येईल असा दुवा द्या आणि जुनी बंद होण्याची तारीख पहिल्याच दिवशी सांगा. कामाच्या ऐन गर्दीचा आठवडा टाळा. कीबोर्ड शॉर्टकट शक्यतो जुनेच ठेवा. मधल्या काळात कोण जुन्या स्क्रीनवर परत जातं ते बघा आणि त्यांच्या शेजारी पुन्हा एकदा बसा. राहून गेलेलं एखादं खरं काम तिथे हमखास सापडतं.

चार प्रश्नांचा तो तक्ता जपून ठेवा. सहा महिन्यांत कोणीतरी नवं फील्ड मागेल. त्याच्याकडून चारही उत्तरं लिहून घ्या, आणि चौथं उत्तर ‘यंत्राला जमेल’ असं आलं तर फील्ड देऊ नका, ते काम डेव्हलपरच्या यादीत टाका.